मी डॉस बदलणार नाही

९ ऑक्टोबर १९८८, रविवार

जुनी वही भरली, ही नवी. मी रोजनिशी लिहिते याचं कारण साधं आहे. या घरात माझ्याशी तोडीस तोड भांडणारं कुणी नाही. आई दोन वाक्यांत गप्प होते आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसते. मग उरलेलं भांडण इथं.

आज यादी पूर्ण झाली. तीनशे सोळा बायका, सगळ्या घरात बसून विड्या वळणाऱ्या. कारखाना म्हणतो, या आमच्या नव्हेतच, आणि असल्या तरी यांच्या वयाला पुरावा काय? वयाची नोंद नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून विडी कामगारांच्या दवाखान्याचं दार बंद. यातल्या निम्म्या बायका खोकतात. दोन डिसेंबरला बेळगावच्या कामगार कचेरीत सुनावणी आहे. या खेपेला साठच्या आतल्याच नावांचा विचार होणार.

जन्मतारीख एकीलाही माहीत नाही. मी वर्षभर दारोदार फिरून विचारलं, तू जन्मलीस तेव्हा गावात काय झालं होतं? कुणी सांगितलं, प्लेगात गाव माळावर गेलं तेव्हा. कुणी सांगितलं, लक्ष्मीच्या जत्रेच्या वर्षी. आमच्याकडं गावोगावच्या लक्ष्मीची जत्रा दहा, वीस, कधी पंचवीस वर्षांनी येते, त्यामुळं गाव आणि जत्रा कळली की साल पक्कं. त्याचा मी तक्ता केला, बेसिक नावाच्या यंत्राच्या भाषेत प्रोग्राम लिहिला, आणि माझं यंत्र आता प्रत्येकीचं वय सांगतं.

निपाणीत एका मास्तरणीच्या घरी कॉम्प्युटर आहे हे पोस्टमनलासुद्धा अजून पटत नाही. कोल्हापूरच्या एका पेढीनं नवा घेऊन हा काढून टाकला, तो मी प्रिंटरसकट उचलला. हेडमास्तरांनी विचारलं होतं, "काय शालूबाई, पोळ्या लाटतो काय हा?" मी म्हटलं, "नाही सर, शाळेचं वेळापत्रक करतो. तुम्हाला तेच जमत नाही ना." त्यानंतर कुणी चौकशी केली नाही.

यंत्र सुरू केलं की आधी आजची तारीख विचारतं, कारण त्यात घड्याळ नाही. आपण सांगितली नाही तर ते १९८० सालचा एक जानेवारी धरून चालतं. आईला हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. "ह्येलाबी तारीख म्हाईत न्हाय? मग आमाला कशापायी हसत्यात गं?"

१२ ऑक्टोबर, बुधवार

एकोणीस बायका साठच्या पुढच्या निघाल्या. त्यांना यादीतून वगळलं.

त्यात यल्लव्वा मावशी आहे. आईच्या शेजारी बसून तीस वर्षं विड्या वळलेली. यंत्र म्हणतं त्रेसष्ट. आज तिला सांगितलं तर ती सूप बाजूला ठेवून उभीच राहिली.

"शालूबाई, मी येवढी म्हातारी न्हाय वो."

"मावशी, गणित खोटं बोलत नाही."

"गणित न्हाय बोलत. पर मला आठवतंय की, तुमची आई माज्यापरीस लई थोरली हाय."

मला वाईट वाटलं, साफ सांगते. तिला खोकल्यातून आता रक्त येतं. पण एकीचं वय मी मनानं कमी केलं की तीनशे सोळांची यादी कारखान्यानं फाडलीच म्हणून समजा. खोटं वय मी लावणार नाही. माझ्या बापानं ज्या गावकामगार पाटलाच्या दारात उन्हात उभं राहून माझ्या शाळेसाठी जन्माचा दाखला मागितला, त्यानं माझं वय तीन वर्षं जास्त लिहून टाकलं होतं, केवळ लिहायचा कंटाळा म्हणून. तेव्हापासून अंदाजपंचे या शब्दाचा मला संताप येतो.

मावशी सूप उचलून निघाली. आई तिला सोडायला गेली.

२३ ऑक्टोबर, रविवार

देवाप्पाअण्णाची जया आली. अण्णा माझा थोरला भाऊ, मिरजेला रेल्वेत आहे. जया बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. आमच्या अख्ख्या भावकीत पहिली इंजिनिअर, तीही मुलगी. मी तिला कधी तोंडावर शाबास म्हटलेलं नाही, पण वर्गात मुलींना दर वर्षी तिचं उदाहरण देते.

एरवी एका पिशवीवर येणारी पोर या वेळी पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि स्टोव्ह घेऊन उतरली. खोली बदलत असणार. महिनाभर रजा आहे म्हणाली. चांगल्या कंपन्या केवढी रजा देतात! आमच्या शाळेत बाळंतपणाला द्यायची झाली तरी कपाळावर आठ्या.

आईनं मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "पोरीला काय बाय इचारत बसू नगंस." मी कुठे काय विचारते?

२५ ऑक्टोबर, मंगळवार

भांडण. अखेर घरात कुणीतरी तोडीचं आलं.

जयानं माझी यादी बघितली. सगळी इंग्रजी मोठ्या अक्षरांत. माझ्या यंत्राला दुसरं काही येत नाही. ती म्हणाली, "आत्या, या बायकांना हे वाचता येतं?"

"येत नाही. कचेरीला येतं."

"तू यांना संध्याकाळच्या वर्गात मराठी वाचायला शिकवलंस ना? मग स्वतःचं नाव, स्वतःचं वय त्यांना बघता यायला नको?"

तिच्याजवळ फ्लॉप्यांचा एक डबा आहे. त्यात मराठी अक्षरं उमटवणारा प्रोग्राम आहे, तिच्या कंपनीतल्या कुणी केलेला. पण तो माझ्या डॉसवर चालत नाही. डॉस म्हणजे यंत्राला जागं करून कामाला लावणारी सिस्टिम. माझी दुसऱ्या आवृत्तीची आहे, त्याला तिसरी लागते. तिसरी घालायची तर हार्ड डिस्क सगळी पुसून नव्यानं आखायची. म्हणजे माझी यादी, तक्ता, प्रोग्राम, सगळं आधी फ्लॉप्यांवर काढायचं, मग पाटी कोरी करायची आणि मग पुन्हा भरायचं.

फ्लॉप्यांवर! मागच्या पावसाळ्यात माझ्या पाच फ्लॉप्यांपैकी दोन बुरशीनं गेल्या होत्या. बायकांनी सांगितलेलं वह्यांत आहे, पण त्यातून यादी पुन्हा भरायला दोन महिने लागतील, आणि सुनावणीला सव्वा महिना राहिलाय. हे ऐकून कुणी शहाणा माणूस हात लावेल?

मी म्हटलं, "मी डॉस बदलणार नाही."

ती म्हणाली, "जुन्याला धरून बसणाऱ्यांचं काय होतं ते मी बघून आलेय, आत्या." आणि उठून मागच्या दारी गेली. एवढं मनाला लावून घ्यायचं काय कारण? डिस्क माझी, यादी माझी.

२६ ऑक्टोबर, बुधवार

बदलणार नाही.

३० ऑक्टोबर, रविवार

कारखान्याचा मष्णू मुनशी घरी आला. चहा घेतला, यंत्राभोवती फेरी मारली, झाकणाला बोट लावून बघितलं. हे झाकण आईनं जुन्या लुगड्याचं शिवलंय.

"बाई, तुमी शिकल्याल्या माणूस. ह्या अडाणी बायकांच्या नादाला कशाला लागताय? जत्रंवरनं वय काडल्यालं कुटला साहेब ऐकणार?"

"ऐकेल. गणित आहे ते."

"आन् गणित चुकलं तर?"

"तुमच्या कारखान्यानं चाळीस वर्षांत एकदा तरी यांचं वय विचारलं असतं तर मला गणित करावं लागलं नसतं. चहा संपला तुमचा."

तो गेल्यावर जया म्हणाली, "आत्या, झकास." मी तिला लगेच सांगून टाकलं की यामुळं डॉसचा विषय पुन्हा निघणार नाही. असली माणसं टपून बसलेली असताना चालतं यंत्र उघडून ठेवणारी मी नव्हे.

५ नोव्हेंबर, शनिवार

जयाला पेपरातल्या शब्दकोड्यांचा नाद लागलेला दिसतो. दर बुधवारी जाहिरातींचं पान कापून घेते आणि पाकिटं टाकायला पोस्टात जाते. तिला बंगळूरहून एकही पत्र नाही. कामात असताना माणसाला त्रास द्यायचा नाही अशी शिस्त असेल तिकडं.

आज मी तिला तिचा मराठी प्रोग्राम माझ्यादेखत लावून बघू दिला, केवळ तोंड बंद व्हावं म्हणून. यंत्रानं इंग्रजीत एका ओळीत सांगितलं, डॉसची आवृत्ती चुकीची आहे. मी म्हटलं, "बघ, यंत्रसुद्धा माझ्या बाजूचं आहे." ती म्हणाली, "ते तुझ्या बाजूचं नाही, आत्या. ते तुझ्यासारखं आहे."

आई एवढी हसली की तिच्या सुपातली पानं सांडली. दोघी एक झाल्यात.

१० नोव्हेंबर, गुरुवार

माझ्या पाठीमागं उद्योग झाला.

मी दुपारी शाळेच्या मैदानावर झेंड्याच्या खांबाचं काम बघायला गेले होते. जयानं आपल्या डब्यातली नवी डॉस फ्लॉपीवरून सुरू केली, डिस्कला हात न लावता, आणि मराठीत एक पान छापलं. एकच निघतं म्हणे, पुढं अक्षरांची फाइल फ्लॉपीत मावत नाही. छापलं तेही कुठलं, तर वगळलेल्या एकोणीस बायकांचं. नाव, गाव, कुठली जत्रा, साल, वय.

मी तिला नको ते बोलले. माझ्या घरात राहून माझ्या यंत्राशी लबाडी करतेस, बंगळूरला हेच शिकवलं का, तुला कामावर ठेवतात तरी कसे. ती एक शब्द उलट बोलली नाही. हे जरा विचित्र वाटलं, कारण ती गप्प बसणारी नाही. आईनं मात्र माझ्याकडं असं बघितलं, जसं मी लहानपणी कुणाचं ताट लवंडलं होतं तेव्हा बघितलं होतं.

पान कुठाय, विचारलं. यल्लव्वा मावशीकडं.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळीच मावशी आली. पान चौघडी घालून चोळीत ठेवलं होतं. ते काढून पायरीवर पसरलं आणि अक्षरांवर बोट ठेवत वाचायला लागली. माझ्याच वर्गात शिकलेली पद्धत, एकेक अक्षर ठासून.

"य-ल्ल-व्वा. बरं. गाव, त-ळे-वा-डी. जत्रा. साल एकोणीसशे पंचवीस." बोट थांबलं. "ही माजी जत्रा न्हवं, बाई."

"म्हणजे? तूच सांगितलंस, लक्ष्मीच्या जत्रेच्या वर्षी जन्मले."

"व्हय की. पर तळेवाडी माजं सासर. माजी आय कशाला माज्या सासरच्या जत्रंत बाळत व्हईल? मी जल्मले खडकेवाडीला. म्हायेरच्या जत्रंत."

"मग गाव विचारल्यावर तळेवाडी का सांगितलंस?"

"तुमच्या हातात वही हुती. वहीवाल्यानं गाव इचारलं की सासरचंच सांगत्यात न्हवं? रेशनला, मतदानाला, दवाखान्यात. म्हायार कोन लिवून घेतंय?"

मी पायरीवर बसले. खडकेवाडीची जत्रा छत्तीस सालची. मावशी बावन्न वर्षांची आहे.

त्रेसष्ट नव्हे, बावन्न. माझ्याहून फक्त तेरा वर्षांनी मोठी, आणि मी तिला मावशी म्हणते, तिचे गाल, तिचे दात, तिची पाठ बघून. महिनाभर तिला सांगत फिरले, गणित खोटं बोलत नाही. गणित नव्हतंच बोललं. मी बोलले. बाईचं गाव कुठलं, हा प्रश्न लग्न न झालेल्या मला एवढा सोपा वाटला की मी तो एकदाच विचारला.

आणि हे नुसतं मावशीचं नाही. जत्रेवरून वय काढलेल्या दीडशेवर बायका आहेत. मी वर्षभर सगळ्यांना त्यांची माहिती वाचून दाखवली होती आणि सगळ्यांनी मान डोलावली होती. मी भरभर वाचते. मास्तरणीसमोर कोण म्हणणार, थांबा, पुन्हा वाचा?

मावशीनं पान घडी करून पुन्हा चोळीत ठेवलं. मी ते परत मागितलं नाही.

१२ नोव्हेंबर, शनिवार

निर्णय झाला. डॉस बदलायची.

हरले म्हणून नव्हे, हे इथं स्पष्ट लिहून ठेवते. सालं दुरुस्त करून इंग्रजी यादी आठवड्यात पुन्हा छापता आली असती. कचेरीला कळलंही नसतं. पण मग ती पुन्हा मी एकटीनं बरोबर ठरवलेली यादी. मला आता प्रत्येकीचं बोट तिच्या ओळीवर पाहिजे. त्याला मराठी पाहिजे, मराठीला नवी डॉस पाहिजे. तर घाला नवी डॉस.

सुनावणीला वीस दिवस. भीती वाटते का? वाटते. पण मष्णू मुनशीला जे बोलले ते चुकीच्या गणिताच्या जिवावर बोलले, याची लाज त्याहून मोठी आहे.

जयाला सांगायला गेले तर ती ट्रंकेवर बसली होती. मी म्हटलं, "उद्या सकाळी. आणि परवा जे बोलले ते जास्त झालं." एवढ्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला रडणाऱ्या माणसांशी कसं बोलावं ते येत नाही. मी म्हटलं, "तू कामात चांगलीच असशील, कळतं मला." तर आणखीच रडली.

१३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी आठला सुरुवात. कोऱ्या फ्लॉप्या बाजारात मिळाल्या नाहीत, जयानं स्वतःच्या डब्यातल्या रिकाम्या करून दिल्या. सगळं दोन-दोनदा काढलं. मग ती म्हणाली, "आत्या, हे बटण तू दाब."

यंत्र विचारतं, डिस्कवरचं सगळं जाईल, नक्की? हो किंवा नाही. मी आयुष्यात इतक्या लोकांना नाही म्हटलंय की हो दाबायला बोट वळेना. आई सूप घेऊन दारात बसली होती. "दाब की गं. वळल्याली विडी उसवून परत वळत न्हाय व्हय आमी?"

दाबलं.

मध्ये वीज गेली. निपाणीची वीज जिथं जायला नको तिथंच जाते. तासभर खोळंबा. आली, पुन्हा पहिल्यापासून. दुपारपर्यंत नवी डॉस उभी राहिली, मग एकेक फ्लॉपी आत. यादी आली. प्रोग्राम आला. तक्त्याची फ्लॉपी वाचेना. दुसरी प्रत घातली, तीही वाचेना. जया घामाघूम.

गावोगावच्या जत्रांचा, प्लेगांचा, पुरांचा तक्ता गेला. आणि वहीत तो नव्हता, कारण तो मी थेट यंत्रात बांधला होता. हुशारी माझी.

जया म्हणायला लागली, माझ्यामुळं झालं, मी कशालाच उपयोगाची नाही. मी तिला असं खेकसले की ती दचकलीच. "रडायचं नाही. चुकीचाच होता तो तक्ता, निम्मा सासरच्या गावांचा. गेला तर बरं झालं." हे मी तिची समजूत घालायला म्हटलं नव्हतं, रागानं म्हटलं होतं. पण म्हटल्यावर कळलं की खरं आहे.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवस आमची पायरी आणि समोरचा रस्ता बायकांनी भरलेला. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, हात वळतायत, तोंडं चाललीयत. मी मध्ये वही घेऊन. आता मी गाव विचारत नाही. आईचं बाळंतपण कुठं झालं, ते विचारते.

"माळगावची जत्रा बत्तीस सालची गं."

"बत्तीस कशी? तवा दुष्काळ हुता, जत्रा पुढं ढकलल्याली. तेहतीस."

"व्हय व्हय, माज्या चुलत्याचं लगीन त्याच मांडवात लागलं."

तीन गावच्या तीन बायका भांडतात आणि साल पक्कं होतं. वर्षभर मी एकेकीला घरात एकटं गाठून विचारत होते, शास्त्रशुद्ध म्हणून. यांना एकत्र बसवलं असतं तर एक चूक टिकली नसती. जया शेजारी बसून थेट मराठीत टाइप करते. बायका तिला म्हणतात, "पोरी, माज्या नावाला येलांटी थोरली दे." ती देते. तिचा चेहरा बराच उजळलाय. निपाणीचं पाणी मानवलं असणार.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

वगळलेल्या एकोणीसपैकी तेरा आत आल्या. आधीच्यांपैकी दोघी मात्र साठच्या पुढं गेल्या. त्यातली तानीबाई माझ्याशी बोलत नाही. तिला सांगताना मी गणिताचं नाव घेतलं नाही. तिच्या अंगणात बसून तिला तिची ओळ स्वतः वाचू दिली. ती वाचून झाल्यावर म्हणाली, "बरोबर हाय," आणि आत निघून गेली. ते ऐकायला मला फार जड गेलं.

तीनशे आठ. प्रत्येकीनं आपली ओळ वाचली. ज्यांना वाचता येत नाही त्यांची शेजारणीनं.

१ डिसेंबर, गुरुवार

कचेरीसाठी इंग्रजी यादीही छापून घेतली. उद्या पहाटेच्या गाडीनं चाळीस जणी निघतोय.

जयाला विचारलं, रजा कधी संपते तुझी? म्हणाली, "तुझी यादी संपली की." किती समजूतदार कंपनी आहे. हे मी आईला सांगितलं तर आई म्हणाली, "शाले, तीनशे बायकांची वयं काडलीस गं तू. शाणी हायस लई." कौतुक केलं की काय केलं, कळलं नाही.

२ डिसेंबर, शुक्रवार

परत यायला रात्र झाली, तरी लिहिते.

कचेरीच्या व्हरांड्यात चाळीस जणी बसलो. मष्णू मुनशी आधीच हजर, सोबत वकील. साहेब मध्यमवयाचे, चष्मा, सर्दी झालेली. कानडीत बोलत होते, बायकांना सगळं कळत होतं. त्यांनी यादी तासभर तपासली. वकिलानं जत्रांची टिंगल केली तेव्हा साहेबांनी सहज एका बाईला माळगावची जत्रा विचारली. तिनं साल सांगितलं, ढकलल्याची हकिकतही सांगितली. साहेबांनी आणखी पाच जणींना विचारलं. मग वकिलाला म्हणाले, तुमच्याकडं याहून चांगला पुरावा असेल तर द्या. वकील आपले कागद आवरायला लागला.

मी वही मिटली. झालं, जिंकलो.

मग साहेबांनी इंग्रजी यादी पुढं ओढली आणि मराठी माझ्याकडं सरकवली. फाइलला ही एकच पुरे, हिच्यावर आलेल्या सगळ्यांचे अंगठे घ्या, म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याला उरकायचं होतं. आणि मी, जी मी हेडमास्तरांना, मुनशीला, पोटच्यासारख्या भाचीला कधी सहज हो म्हटलं नाही, ती मी म्हटलं, "चालेल साहेब." खरंच म्हटलं. कार्ड मिळणार होतं, दवाखाना उघडणार होता, कुठल्या कागदावर का असेना. शिपायानं शाईचं पॅड आणून ठेवलं.

यल्लव्वा पुढं आली. सगळ्यांत आधी तीच. मी तिला पॅड दाखवलं. तिनं पॅडकडं बघितलं, इंग्रजी कागदाकडं बघितलं, आणि मला म्हणाली, "ह्याच्यात मी कुटं हाय?"

मी ओळ दाखवली.

"तुमी सांगताय म्हून. मागल्या खेपंला बी तुमीच सांगिटलंतं."

ती साहेबांकडं वळली आणि त्यांच्याच कानडीत बोलली, हळू, खोकला आवरत. साहेब, मला कानडी बोलता येतं, मराठी बोलता येतं, वाचायला मात्र मी या बाईंकडं मराठीत शिकले. जे मला वाचता येतं त्याच्यावर मी माझं नाव घालीन. दुसऱ्यावर नाही. मग तुम्ही कार्ड नाही दिलं तरी चालेल.

मागून कुणीतरी म्हणालं, "आमीबी न्हाय." मग आणखी कुणी. चाळीस जणी उभ्या राहिल्या. मुनशी हसला. मला वाटलं, सगळं हातचं गेलं.

साहेबांनी रुमालानं नाक पुसलं. मराठी यादी उचलली, कुठलंही एक पान काढून यल्लव्वासमोर धरलं, वाच म्हणाले. तिनं वाचली. अक्षरावर बोट ठेवून, ठासून, एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी. पुढच्या ओळीला थांबली आणि म्हणाली, "हिचं गाव माळगाव न्हवं, साहेब, माळवाडी. ते सुदारा." मी बघितलं. खरंच चुकलं होतं. आम्ही सगळ्यांनी वाचूनही.

साहेबांनी स्वतःच्या हातानं ते गाव दुरुस्त केलं. बाजूला सही केली. मग दोन्ही याद्या एकत्र टाचल्या, मराठी वर ठेवली आणि पॅड तिच्यापुढं सरकवत कानडीत विचारलं, अंगठा?

यल्लव्वानं पदराला हात पुसले.

"पेन द्या," म्हणाली.